हाउजीचं तिकीट कोणतं घ्यायचं: तीन ओळींचं, पाच बाय पाचचं की नऊ खणांचं?

परवा धाकट्या जावेचा मेसेज आला, ताई, आमच्या सोसायटीत कोजागिरीची हाउजी माझ्या गळ्यात पडलीय, साठेक माणसं आहेत, आजीआजोबांपासून पहिलीतल्या पोरांपर्यंत सगळे, मोबाईलवर बघितलं तर चार तऱ्हेची तिकिटं दिसतायत, कोणतं घेऊ? फोनवर सांगायला गेले तर अर्धा तास झाला तरी आम्ही तिकिटांवरून बक्षिसांवर आणि बक्षिसांवरून मसाला दुधात चारोळी घालायची की नाही यावर पोचलो होतो, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. आमच्या बिल्डिंगमध्ये आठ वर्षं नंबर मीच काढते, त्यातली दोन वर्षं पार फसलीत, त्यामुळे कुठे काय बिघडतं ते चांगलं माहितीये.

बहुतेक जण तिकीट निवडताना तिकिटाकडेच बघतात, कोणतं रंगीत, कोणतं नवीन वाटतं, कोणाच्या भावाने अमेरिकेहून आणलंय. मी म्हणते आधी कागदावर दोन आकडे लिहा, एकूण तिकिटं किती खपणार आणि तुमच्याकडे मिनिटं किती आहेत. बाकी सगळं त्यावरून ठरतं. खाली मी जे "इतकाव्या नंबरला लागतं" म्हणतेय, म्हणजे तितके नंबर पुकारून झाले की, ते ४० तिकिटं धरून काढलेलं गणित आहे (मुलाने कॉम्प्युटरवर पडताळून दिलं, नाहीतर मला कोण विचारतंय), प्रत्यक्षात दोन-चार नंबर इकडेतिकडे होणारच.

आपलं नेहमीचं, ९० वालं

ज्याला आपण हाउजी नाहीतर तंबोला म्हणतो ते हेच. तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, म्हणजे २७ खण, त्यातले १५ भरलेले आणि १२ कोरे. प्रत्येक ओळीत बरोब्बर पाच नंबर. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. आणि नियमाने छापलेलं तिकीट असेल तर एकही रकाना पूर्ण कोरा नसतो. हे नीट बघून घ्या बरं का, कारण फुकटच्या साइटवरून काढलेल्या तिकिटांत मी अख्खे कोरे रकाने बघितलेत, आणि एकदा तर एका ओळीत सहा आणि दुसरीत चार नंबर. चार नंबर ज्या ओळीत त्या बाईंची टॉप लाइन (वरची ओळ) सगळ्यांच्या आधी लागली आणि मग जे भांडण झालं ते होळीपर्यंत पुरलं.

या तिकिटाची खरी गंमत त्या कोऱ्या खणांत आहे. "बासष्ट" ऐकलं की डोळा आपोआप सातव्या रकान्यात जातो, तिथे फार तर तीन खण, एका नजरेत कळतं आहे की नाही. म्हणून ऐंशीच्या आजीसुद्धा दोन तिकिटं आरामात सांभाळतात.

आता वेळ. तुमचं एकटीचं तिकीट पूर्ण भरायला सरासरी ८५ नंबर लागतात, ९० पैकी! म्हणजे एकट्या माणसासाठी हे भयंकर लांबलचक तिकीट आहे. पण चाळीस तिकिटं असली की त्यातलं कोणतं ना कोणतं सत्तराव्या नंबरच्या आसपास भरतंच, शंभर असली तर सदुसष्टच्या आसपास. बघा, माणसं अडीचपट झाली तरी फरक तीन-चार नंबरांचाच, त्यामुळे गर्दी किती येईल याचा अंदाज चुकला तरी ९० वाला खेळ कोलमडत नाही. एका नंबरला बारा सेकंद धरा, मध्ये क्लेम ("माझं लागलं" म्हणणाऱ्याचं तिकीट) तपासायचा वेळ, कोणीतरी "पिशवी हलवा हो!" ओरडणार, कोणीतरी आधीचा नंबर परत विचारणार, असं सगळं मिळून एक राउंड पंचवीस मिनिटं. तीसही होतात.

उलट चार-सहा माणसं घरात बसून खेळणार असाल तर ९० वालं नका घेऊ, फुल हाऊसपर्यंत, म्हणजे कोणाचं तरी अख्खं तिकीट भरेपर्यंत, निम्मे लोक किचनमध्ये गेलेले असतात.

नंबर पुकारण्याबद्दल एक. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आताच्या पोरांना कळत नाहीत आणि सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्त्याऐंशी यात मोठेही गडबडतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "सत्तर पाच" अशी वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण हाउजीवाले "सात आणि पाच, पंचाहत्तर" असं कायमच म्हणत आलेत. आधी आकडे सुटे, मग नंबर. ज्यांना इंग्रजी "टू फॅट लेडीज, एटी एट" वगैरे आवडतं त्यांनी जरूर करावं, आमच्याकडे एका काकूंना ते आवडलं नव्हतं, मी बंद केलं.

अमेरिकन पाच बाय पाच

माझे दीर न्यू जर्सीला असतात, ते आले होते तेव्हा हा सेट घेऊन आले. पाच ओळी, पाच रकाने, वर बी-आय-एन-जी-ओ अशी अक्षरं, मधला खण फुकट, म्हणजे २४ नंबर. नंबर १ ते ७५ च, आणि प्रत्येक अक्षराखाली पंधरा-पंधराचा गट, बी म्हणजे १ ते १५, ओ म्हणजे ६१ ते ७५. पुकारताना "जी बावन्न" असं पुकारतात. अमेरिका-कॅनडात हेच चालतं, आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, इटली, आपण, असे सगळे ९० वाले. कारण सरळ आहे, आपल्याकडे हा खेळ ब्रिटिशांच्या फौजेतून आणि क्लबांतून आला, त्यांच्या सैन्यात हाउजी-हाउजी खेळायला परवानगी असायची, तीच मग जिमखाने, रेल्वे आणि नेव्हीच्या क्लबांतून सोसायट्यांच्या गच्चीवर आली. गोव्यात तर गावोगावच्या फेस्ताला हाउजी लागतेच, आणि मोठ्या मैदानावर लागते. अमेरिकेत मात्र १९२९ च्या सुमाराला एडविन लो नावाच्या खेळणी विकणाऱ्या माणसाने जॉर्जियातल्या जत्रेत "बीनो" नावाचा खेळ बघितला, नंबरावर बी ठेवून खेळायचा, आणि त्याचं बिंगो करून विकलं, असं सांगतात. तर पाच बाय पाच आपल्याकडे रुळलेलं नाही, लोकांना ते समजवायलाच पाच मिनिटं जातात हे धरून चाला.

यातला मोठा फरक असा की पहिली ओळ फार लवकर लागते. आडव्या पाच, उभ्या पाच, तिरप्या दोन, अशा बारा ओळी, त्यातल्या चार मधल्या फुकट खणातून जाणाऱ्या म्हणजे चारच नंबरांच्या. एकट्याचं कार्ड असेल तर सरासरी चाळीस-बेचाळीस नंबर लागतात, पण चाळीस कार्डं असली की अठराव्या-विसाव्या नंबरलाच कोणीतरी "बिंगो!" ओरडतं, तेव्हा तुमच्या कार्डावर चोवीसपैकी जेमतेम सहा खुणा झालेल्या असतात. दिरांनी पहिला डाव असाच घेतला, चार मिनिटांत संपला, लोक एकमेकांकडे बघायला लागले, एवढंच? आमचे कुलकर्णी काका म्हणाले, मी तर अजून चष्मा पुसत होतो.

पण अमेरिकन लोक नुसती ओळ खेळत नाहीत, नक्षी ठरवून खेळतात, आणि तसं खेळलं तर हे कार्ड खरंच मजेदार आहे हे मला कबूल करावं लागेल. ओळ एकोणिसाव्याला, चार कोपरे अठ्ठावीसच्या आसपास, मोठा एक्स म्हणजे दोन्ही तिरप्या ओळी पंचेचाळीस-सत्तेचाळीसला आणि अख्खं कार्ड पासष्टला. किती छान अंतरं पडतात बघा, कुठेच लोक कंटाळत नाहीत. लाइनचं बक्षीस छोटं ठेवायचं फक्त.

अडचण डोळ्यांची. २४ नंबर खचाखच, कोरा खण एकही नाही (मधला सोडून), आणि रकान्यात नंबर चढत्या क्रमाने नसतात, "एन चाळीस" म्हटलं की पूर्ण रकाना वरून खाली वाचावा लागतो. ज्येष्ठ मंडळी असतील तर कार्ड मोठं छापा, अर्ध्या ए-फोर कागदापेक्षा लहान नको, आणि माणशी एकच. दोन कार्डं दिली तर क्लेम चुकतातच चुकतात.

एक मात्र आहे, मोबाईलवर खेळायचं असेल तर पाच बाय पाच जिंकतं. आपलं नऊ रकान्यांचं तिकीट उभ्या फोनवर मुंगीएवढं दिसतं, फोन आडवा धरावा लागतो, मग वर मेसेज आला की तिकीट गायब. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही व्हॉट्सॅपवर तिकिटं आणि झूमवर नंबर असं खूप खेळलो तेव्हा हे कळलं, तिकिटाचा फोटो पाठवून लोक पेनाऐवजी बोटाने रेघा मारत होते आणि झूम करता करता दुसऱ्याच नंबरवर रेघ. चौकोनी कार्ड उभ्या फोनवर बरोब्बर बसतं.

नऊ खणांचं आणि सोळा खणांचं

तीन बाय तीन, नंबर १ ते ३०, पहिल्या रकान्यात दहापर्यंत, दुसऱ्यात विसापर्यंत, तिसऱ्यात तिसापर्यंत. यात मधली बक्षिसं नसतात, थेट फुल हाऊस. वीस पोरं असली तर बावीसच्या आसपास संपतं, चाळीस असली तर वीस-एकवीसला, म्हणजे चार-पाच मिनिटांत एक डाव. पहिली-दुसरीच्या मुलांना तीसपर्यंतचे नंबर येतात, रडारड व्हायच्या आत दुसरा डाव सुरू करता येतो, बक्षीस म्हणून खोडरबर आणि चॉकलेटं चालतात. मोठ्यांना हे देऊ नका. एकदा आमच्याकडे वेळ कमी म्हणून मोठ्यांना दिलं तर लोकांना आपण खेळलो असं वाटलंच नाही.

सोळा खणांचं म्हणजे चार बाय चार, नंबर १ ते ८०. ब्रिटनच्या ऑनलाइन साइट्सवर चालतं. पूर्ण कार्ड भरायला चौसष्टच्या आसपास, म्हणजे वेळ ९० वाल्याच्या जवळपास तेवढाच जातो, आणि तिकिटं कुठे तयार मिळत नाहीत, स्वतःच छापा. मला यात काही फायदा दिसला नाही.

नंबरांऐवजी नावं

हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, मुलांच्या वाढदिवसाला हल्ली नावांची हाउजी करतात, दागिने, मसाले, भाज्या, गाण्यांचे मुखडे असं काही. ही करायला खूप गोड आहे आणि चुकायलाही तितकीच सोपी. माझी फसलेली पहिली हाउजी हीच. मी मसाल्यांची केली, नऊ खणांचं कार्ड, आणि एकूण मसाले लिहिले बाराच, कारण तेवढेच पटकन सुचले. दालचिनी, लवंग, वेलची, दगडफूल, नागकेशर, छान चाललं होतं. दहाव्या नावापर्यंत कोणीच उठलं नाही आणि अकराव्याला सात जणी एकदम "झालं!" करून उभ्या. बक्षीस एक, स्टीलचा डबा. त्या डब्याची सात जणींत वाटणी कशी करायची ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

नंतर कळलं की बारातले नऊ म्हटल्यावर प्रत्येकीच्या कार्डात फक्त तीनच गोष्टी नाहीयेत, सगळ्यांची कार्डं जवळपास सारखीच! म्हणून नावांची यादी कार्डावरच्या खणांच्या निदान तिप्पट पाहिजे, नऊ खणांना सत्तावीस-तीस, सोळा खणांना पन्नासच्या आसपास. पन्नास दागिन्यांची नावं काढायला बसा, आजीला शेजारी घेऊन, वज्रटीक, चिंचपेटी, कोल्हापुरी साज, तोडे, पाटल्या, बुगडी, एक अख्खी संध्याकाळ मजेत जाते. आणि यात पाच बाय पाच कधीच नका घेऊ, पंचाहत्तर नावं जमवता जमवता तुम्ही "स्टीलची क्लिप" लिहायला लागाल.

बक्षिसांची शिडी, इथेच खरी मेख आहे

तिकीट ठरलं, समजा ९० वालं. आता बक्षिसं. नेहमीची यादी म्हणजे जल्दी फाइव्ह (ज्याचे कुठलेही पाच नंबर आधी लागतील त्याला), चार कोपरे, टॉप, मिडल, बॉटम लाइन, फुल हाऊस. चाळीस तिकिटांत जल्दी फाइव्ह अकराव्या-बाराव्या नंबरला जातं. त्यानंतर काय? तीन ओळींतली पहिली ओळ तेहतीसच्या आसपास, कोपरे चौतीसला, एकेक ओळ स्वतंत्र धरली तर चाळिशीत. म्हणजे बारा ते तेहतीस, वीसेक नंबर, काही म्हणजे काहीच होत नाही. मग एकदम तीन-चार बक्षिसं धपाधप, आणि मग पन्नास ते सत्तर परत सामसूम. माझी दुसरी फसलेली हाउजी ही, मला वाटायचं लोक गप्पा मारतात म्हणून खेळ रंगत नाही, खरं तर खेळात काही घडत नव्हतं म्हणून ते गप्पा मारत होते.

यावर लोक टेंपरेचर घालतात, म्हणजे तिकिटावरचा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोठा नंबर. ऐकायला छान, पण दोनच नंबर असल्यामुळे ते पण बाराव्यालाच लागतं, जल्दी फाइव्हच्या अगदी अंगावर. दोन्हीतलं एकच ठेवा. ब्रेकफास्ट, लंच, डिनर म्हणजे तीन-तीन रकान्यांचे तीन भाग, यात एक खोच आहे, कोणाच्या तिकिटात ब्रेकफास्टला तीनच नंबर येतात आणि कोणाच्या सहा-सात, त्यामुळे तीनवालीचं नशीब आधीच फळफळलेलं. नशिबाचाच खेळ आहे म्हणून चालतं, पण मोठं बक्षीस त्यावर लावू नका. बुल्स आय म्हणजे चार कोपरे आणि मधल्या ओळीतला मधला नंबर, तो ओळीइतकाच उशिरा लागतो, मधली पोकळी भरायला काही कामाचा नाही.

मग काय घालायचं? जल्दी सात. कुठलेही सात नंबर, विसाच्या आसपास लागतं, अगदी पोकळीच्या मधोमध. आणि दुसरं मी इटालियन लोकांचं उचललंय. आपला तंबोला शब्द तिकडचाच, नेपल्सला नाताळात घरोघर तोंबोला खेळतात, नंबरांवर ठेवायला वालाचे दाणे नाहीतर संत्र्याच्या सालीचे तुकडे, आणि तिकडे प्रत्येक नंबरला अर्थ असतो, ९० म्हणजे भीती, ४८ म्हणजे बोलणारा मुडदा, असलं काय काय. त्यांची बक्षिसं मात्र एकदम हुशारीची. एकाच ओळीत दोन लागले की अंबो, तीन की तेर्नो, चार की क्वातेर्ना, पाच की चिंक्विना, आणि सगळं तिकीट की तोंबोला. चाळीस तिकिटांवर मांडून बघितलं तर अंबो तिसऱ्यालाच, तेर्नो आठव्या-नवव्याला, क्वातेर्ना सतरा-अठराला, ओळ तेहतीसला, फुल हाऊस सत्तरला. दरवेळी अंतर साधारण दुप्पट! लोकांना प्रत्येक टप्प्याला वाटत राहतं आता माझं. अंबो आपल्या गर्दीत फारच लवकर लागतो, कोणी बसलेलं पण नसतं, तो गाळा. "एका ओळीत चार" मात्र जरूर घ्या, नाव काहीही द्या, आमच्याकडे पोरांनी त्याला चौकार नाव दिलंय.

पन्नास ते सत्तरमधल्या सामसुमीला माझ्याकडे एकच औषध आहे, त्या टप्प्यात नंबर भराभर काढायचे, बाराऐवजी सात-आठ सेकंदांना एक. त्या वेळी प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या तिकिटावरच असतं, विनोद कोणाला नको असतात. सत्तराव्या नंबरला साधारण माणसाचे तीन-चार नंबर उरलेले असतात, म्हणून तर फुल हाऊस लागलं की अख्ख्या हॉलमधून "अरे माझे दोनच राहिले होते" ऐकू येतं. त्यांच्यासाठी सेकंड फुल हाऊस ठेवायचं, दोन-चार नंबरांत तेही जातं.

एक तिकीट की सहा?

९० वाल्यात अजून एक निवड असते, सुटं तिकीट की सहाची शीट. नीट बनवलेल्या शीटमध्ये सहा तिकिटं मिळून १ ते ९० सगळे नंबर एकेकदाच येतात, म्हणजे पुकारलेला प्रत्येक नंबर तुमच्याकडे कुठे ना कुठे असतोच. हे फार सुख आहे, पेन सतत चालू. पण जिंकायची शक्यता काही जादूने वाढत नाही, वेगवेगळी सहा सुटी घेतली तरी तेवढीच, आणि सगळ्यांनीच शीट घेतली तर परत जैसे थे, फक्त सगळ्यांचे पैसे सहापट. ज्यांनी एक तिकीट घेतलंय त्यांच्यासमोर दोघीतिघी शीट घेऊन बसल्या की बक्षिसं तिकडेच जातात आणि कुजबुज सुरू होते. आमच्याकडे नियम, माणशी जास्तीत जास्त दोन. क्लबातल्या हाउजीला, जिथे लोक ओळखीचे नसतात आणि पैसे मोजूनच आलेले असतात, तिथे शीट ठीक आहे.

पैशांचं म्हणाल तर घरगुतीत तिकीट दहा-वीस रुपये आणि जमलेल्याची सगळी बक्षिसं, शक्यतो वस्तू. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या ॲप्सच्या नादी लागू नका, ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ मध्ये केंद्राचा बंदीचा कायदा आलाय. बिनपैशाच्या ॲपने नंबर काढायला हरकत नाही, मी मात्र पिशवी आणि कॉइनच वापरते, लोकांना नंबर हाताने निघालेला बघायचा असतो, ॲपने काढला की मागून कोणीतरी म्हणतंच, सेटिंग आहे.

आणि बोगी, म्हणजे चुकीचा क्लेम. क्लेम पुढचा नंबर पुकारायच्या आत करायचा, चुकीचा निघाला तर ते तिकीट बाद. हे खेळ सुरू व्हायच्या आधी माइकवर दोनदा सांगायचं, नंतर सांगितलं तर पक्षपात होतो.

तर जाऊबाई, तुझं

साठ माणसं, माणशी दोन म्हणजे १२० तिकिटं, वीस रुपयाने चोवीसशे. आधी पोरांना घे, नऊ खणांचे तीन डाव, पंधरा मिनिटांत उरक, त्यांना पाच रुपयाला तिकीट नाहीतर फुकटच दे. मग मोठ्यांना ९० वालं, एकच राउंड, दोन नको. बक्षिसं जल्दी फाइव्ह, जल्दी सात, चौकार, चार कोपरे, तीन ओळी, फुल हाऊस आणि सेकंड फुल हाऊस, नऊ झाली. १२० तिकिटांत सगळंच जरा आधी लागेल, जल्दी फाइव्ह नवव्या-दहाव्याला, कोपरे सव्विसाला, फुल हाऊस सहासष्टच्या आसपास, तुझी अर्ध्या तासाची वेळ बरोबर बसते. चौकार आणि जल्दी सात मात्र जवळजवळ येतील, वाटलं तर चौकार गाळ. पैशांपैकी सहाशे फुल हाऊसला, साडेतीनशे दुसऱ्याला, तिन्ही ओळींना अडीचशे-अडीचशे, उरलेल्या सातशेत बाकीचे.

पाच बाय पाच यंदा नको. दिवाळीत आपण घरचे बारा-पंधरा जण जमलो की भावजींचा सेट काढू, तेव्हा एक्स खेळू.

आणि फुल हाऊस लागेपर्यंत दूध वाटू नको, एकदा ग्लास हातात आला की कोणालाच नंबर ऐकू येत नाहीत.